कळा तिच्या, सोबत कुणाची?



औंधचं संग्रहालय तुमच्यातल्या पुष्कळजणींनी शाळेच्या सहलीत बघितलं असेल. राजेसाहेबांनी, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींनी जमवलेली चित्रं आणि मूर्ती तिथं आहेत. त्यात हेन्री मूर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचं एक शिल्प आहे, आई आणि मूल. मागं आम्ही गटातल्या बायका यमाईच्या दर्शनाला गेलो, तेव्हा संग्रहालयातही डोकावलो. त्या शिल्पापुढं आमच्यातली एकजण बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आई हाय, लेकरू हाय. बाप कुठं गेला गं ह्याचा?" दुसरी म्हणाली, "गलाईला गेला असंल!" आम्ही इतक्या हसलो की राखणदार बघायला आला.

हसू ओसरल्यावर परतीच्या एसटीत बसून आम्ही हिशेब केला. आम्ही अकराजणी होतो. बाळंतपणाच्या वेळी नवरा निदान दवाखान्याच्या आवारात होता अशा किती? चार. आत, जवळ, हात धरायला होता अशी? एकही नाही. तिघींच्या मालकांनी तर लेकराचं तोंड पहिल्यांदा बघितलं ते बारशाला.

म्हणून आज हाच विषय घेतलाय. कळा सुरू झाल्यापासून मूल कुशीत येईपर्यंत बाईजवळ कोण असावं, त्यानं काय करावं, आणि यात नवऱ्याला जागा कुठं आहे. बोलणं आपलं आहे, पण रेडिओचा आवाज जरा वाढवा. ओसरीवर बसलेल्यांच्याही कानावर जाऊ दे.

आपल्या खटाव, माण, आटपाडी, खानापूर या भागाची गोष्ट जरा निराळी आहे. पावसाचा भरवसा नाही, म्हणून इथला गडी पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडला. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा गलाईचा धंदा करत कुणी तमिळनाडूत गेला, कुणी केरळात, कुणी कोलकात्याला. कुणी मुंबईत माथाडी, कुणी फौजेत, कुणी कोयता घेऊन ऊसतोडीला. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. सातव्या महिन्यात ओटी भरून बाई आईकडं येते आणि नवरा राहतो तिकडं हजार किलोमीटरवर. यमाईच्या पौषातल्या जत्रेला मात्र हेच गडी दुकान बंद ठेवून, दोन-दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून गावाकडं येतात. यावंच, देवीचा मान आहे. जत्रेची तारीख ठरलेली असते आणि बाळंतपणाची नसते, हेही आम्हाला कळतं. पण दिवस गेल्याचं तर सात-आठ महिने आधी कळलेलं असतं की!

बरं, आला तरी माहेरच्या घरी तो जावई. त्याला खुर्ची, त्याला चहा, त्याच्यासाठी कोंबडं. सासूच्या स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी स्वतः घेईल तर घरच्यांनाच ओशाळं वाटतं. मग आत बायको विव्हळत असते आणि बाहेर पाव्हणं मेव्हण्याशी कांद्याच्या भावावर बोलत बसलेलं असतं. त्याच्या पोटात कालवत नसतं असं नाही. काय करायचं ते त्याला आजवर कुणी सांगितलेलंच नसतं.

आता जरा मागं जाऊ. आपल्या आज्यांच्या वेळी बाळंतपण घरात व्हायचं. सुईण असायची, आई असायची, चुलती-आत्या असायच्या. एकजण कंबर चोळायची, एकजण मागं बसून काखेत हात घालून आधार द्यायची, एकजण चुलीवर पाणी ठेवायची. बाई एकटी कधी नसायची. पण रक्त थांबेना, मूल आडवं आलं, झटके आले, की त्या सगळ्याजणींच्या हातात काही उरायचं नाही. किती आया आणि किती लेकरं अशी गेली त्याची नोंद कुठल्या वहीत नाही. बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या ९४ हून अधिक बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. ही मोठी कमाई आहे.

पण ही कमाई करताना एक गोष्ट उंबऱ्याबाहेर राहिली, ती म्हणजे सोबत. आमच्यातल्या एकीचं ऐका. रात्री अकराला तिला आत नेलं आणि आईला दाराबाहेर थांबवलं. खोलीत तीन खाटा, तिन्हींवर बायका, आणि सिस्टर एकच. कळ आली की ही भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची. ओरडली तेव्हा बोलणी खाल्ली. पहाटेपर्यंत, तपासणी सोडली तर, कुणी तिच्या अंगाला हात लावला नाही. पहाटे मुलगा झाला, चांगला तीन किलोचा. कागदावर सगळं व्यवस्थित. पण तीन वर्षांनी पुन्हा दिवस गेले तेव्हा ही बाई न्हाणीत बसून रडली. दुखण्याची भीती नव्हती हो, ती म्हणते, त्या एकटेपणाची होती. त्या सिस्टरला आम्ही दोष देत नाही. तीन बायकांची नाडी, बाळांचे ठोके, रजिस्टर आणि दर वेळी हातमोजे बदलणं हे एकटीनं करणारी बाई कुणाचा हात किती वेळ धरणार? ते काम दुसऱ्या माणसाचं आहे, आणि ते माणूस दाराबाहेर बसलेलं असतं.

सोबत म्हणजे नुसती मनाची समजूत, असं कुणी म्हणेल. तसं नाही. भीती वाटली की अंग आवळतं, हे आपल्याला अनुभवानं माहीत आहे. घाबरलेल्या शरीरात जो रस वाढतो तो कळा मंदावतो. धीर मिळालेल्या शरीरात कळांना बळ देणारा रस नीट वाहतो आणि पिशवीचं तोंड उघडत जातं. जगातल्या १७ देशांत मिळून १५ हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये घेतला गेला. ज्यांच्याजवळ कळा देताना सतत कुणीतरी होतं, त्यांचं बाळंतपण आपसूक होण्याचं प्रमाण जास्त होतं, कळांचा वेळ थोडा कमी होता, सिझर कमी झाली, आणि बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायकाही कमी होत्या. यात 'सतत' हा शब्द महत्त्वाचा. तासातून एकदा डोकावून "कसं काय?" विचारणं म्हणजे सोबत नव्हे.

आता दवाखान्याचा नियम. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ एक सोबतीण राहायला परवानगी दिली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं की बाईच्या पसंतीचं माणूस तिच्याजवळ असावं. आपल्याकडच्या नियमात काही अटी आहेत आणि त्या रास्त आहेत. सोबतीण स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. तिला खोकला-ताप असा पसरणारा आजार नसावा. कपडे स्वच्छ असावेत. शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी. सिस्टरच्या आणि डॉक्टरांच्या कामात हात घालू नये, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईत लक्ष घालू नये. नवऱ्याबद्दलही त्यात लिहिलं आहे: जिथं प्रसूतीच्या खोलीत बायकांचा आडपडदा नीट सांभाळला जातो, तिथं नवऱ्यालाही सोबती म्हणून आत घेता येतं.

म्हणजे मैत्रिणींनो, 'नवऱ्याला आत येता येत नाही' हे सगळीकडं खरं नाही आणि 'नवऱ्याला आत घ्यायलाच पाहिजे' हेही खरं नाही. खोलीत तीन खाटा आणि मध्ये पडदा नसेल, तर दुसऱ्या बाईची अब्रूही आपल्याइतकीच मोलाची. तिथं आई, नणंद किंवा जाऊ आत जाईल. चौकशी मात्र आठव्या महिन्यातच करा. ऐन कळांच्या वेळी दारात उभं राहून भांडू नका, त्यात तिचीच घालमेल होते. तपासणीला जाल तेव्हा सिस्टरना सरळ विचारा, "माझ्याजवळ कोण थांबू शकेल? मालक चालतील का?"

आणि सगळ्यात आधी विचारायचं ते तिलाच. आम्ही बोलताना एक नवी सून हळूच म्हणाली, "मला नको वाटतं त्यांनी बघायला." नको तर नको. एखादीला आईच हवी असते. एखादीचा नवरा पिणारा असतो, हात उचलणारा असतो, त्याच्या नुसत्या आवाजानं तिचं अंग कापतं. अशा माणसाला 'तुझा हक्क आहे' म्हणून आत ढकलणं म्हणजे सोबत नव्हे, शिक्षा आहे. हक्क तिचा आहे. कुणाला बोलवायचं ते ती ठरवणार.

मग नवऱ्यानं करायचं काय? काम कळांच्या दिवशी सुरू होत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी होते. निदान दोनदा त्यानं बरोबर यावं. तिचं हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, बीपी किती, बाळ डोक्याकडून आहे की पायाळू, हे त्याला तोंडपाठ असावं. कांद्याचा भाव तोंडपाठ असतो, तसा. गाडी ठरवून ठेवावी. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला आणि परत घरी आणायला १०२ ची गाडी फुकट आहे, तातडीला १०८ आहे. पण वाडीवस्तीवर रात्री गाडी यायला वेळ लागला तर गावातली कुणाची जीप, कुणाचा नंबर, हे भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. औंधच्या किंवा वडूजच्या ग्रामीण रुग्णालयातून साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात न्यायची वेळ आली, तर औंधहून चाळीस किलोमीटरच्या वर रस्ता आहे. तेवढ्या वेळात निर्णय कोण घेणार?

इथं जरा थांबू, कारण जीव जातो तो बहुतेकदा इथंच. डॉक्टर म्हणतात, "सिझर करावी लागेल, सही करा." वडील म्हणतात, जावयाला विचारू. जावयाचा फोन भट्टीच्या आवाजात लागत नाही. सासरे म्हणतात, अजून थोडी वाट बघू. अर्धा तास जातो. सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्यानं पुरेशी आहे, पण दवाखाने घरच्यांचीही सही मागतात, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून नवऱ्यानं आधीच सगळ्यांसमोर सांगून ठेवावं: "डॉक्टर जे जरुरीचं म्हणतील त्याला माझी ना नाही, ती म्हणेल ते करा, माझ्या फोनची वाट बघू नका." एवढं एक वाक्य त्यानं ओटीभरणाच्या दिवशी चारचौघांत बोललं, तरी मोठं काम झालं. खर्चाची धास्तीही नको. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण सगळं फुकट आहे.

आता कळा. पोट कडक होतं आणि सैल पडतं, पण अंतर एकसारखं नाही, चाललं-पडलं की थांबतं, तर त्या खोट्या कळा. खऱ्या कळा कंबरेतून पुढं येतात, थांबत नाहीत, आणि त्यांच्यातलं अंतर कमी कमी होत जातं. घड्याळ लावून ते लिहून ठेवणं हे नवऱ्यानं करावं असं पहिलं काम. पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं तर निघायचं. दवाखाना लांब असेल किंवा दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर त्याआधीच निघा. पाणी गेलं तर लगेच. ते हिरवट असेल, रक्त जात असेल, बाळाची हालचाल कमी झाली असेल, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, ताप असेल, तर कळांची वाटच बघायची नाही.

आणि एक, हे कान देऊन ऐका. कळा 'वाढवायला' घरी किंवा गावातल्या साध्या दवाखान्यात सुई टोचून घ्यायची नाही. ती सुई ज्या दवाखान्यात बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात आणि ऑपरेशनची सोय असते, तिथंच द्यायची असते. कळा अती जोराच्या झाल्या तर बाळ गुदमरतं, पिशवी फाटूही शकते. बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या "लवकर मोकळी करा" या आग्रहापोटी असल्या सुया टोचल्या जातात. नवऱ्यानं तो आग्रह धरायचा नाही, दुसऱ्यालाही धरू द्यायचा नाही.

पहिलटकरणीला जोराच्या कळा सुरू झाल्यापासून बारा तासही लागतात. हे माहीत नसलं की चार तासांत घरचे घाबरतात, आणि त्यांचं तोंड बघून ती घाबरते. या वेळात तिला खाटेवर उताणी पाडून ठेवायची गरज नसते. सिस्टरांची हरकत नसेल तर तिला व्हरांड्यात चालवा. इथं तर नवऱ्याला आत जायचीही गरज नाही, व्हरांडा सगळ्यांचा आहे. कळ आली की तिनं त्याच्या गळ्यात हात टाकून पुढं झुकावं आणि त्यानं नुसतं खांबासारखं उभं राहावं. लोक बघतील? बघू देत. कंबरेत कळ असेल तर तळहाताच्या टाचेनं, माकडहाडाच्या वर, कळ असेपर्यंत दाबून धरायचं. पिठाचा गोळा मळताना लावतो तेवढा जोर. ती "बास" म्हणाली की हात काढायचा, रुसायचं नाही. आडवं व्हायचं झालं तर डाव्या कुशीवर, म्हणजे बाळाला रक्त नीट पोचतं. दर घोटाला पाणी, साखरेचं सरबत, पातळ पेज. डॉक्टरांनी उपाशी ठेवायला सांगितलं असेल तरच बंद. दोन-दोन तासांनी लघवीला न्यायचं. भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या वाटेत येते, आणि कळांच्या नादात तिला ते सुचत नाही.

बोलायचं काय, हाही प्रश्न असतो. गड्यांना तर फारच. फार बोलूच नका. "ही कळ गेली, आता दम घे." "मी इथंच आहे." पुरे. कळ येताना तिच्याबरोबर स्वतःही सावकाश श्वास सोडा, फू करून, गरम दुधावर फुंकर घालतो तसा. ती तुमचं बघून करते. "सगळ्या बायकांना होतं, तूच काय जगावेगळी," हे वाक्य तोंडातून काढू नका. "पोरगाच व्हायला पाहिजे" हे तर नाहीच नाही. आणि तिनं शिव्या दिल्या तर गिळा. आमच्यातल्या एकीनं एवढ्या शिव्या दिल्या की नंतर तिला स्वतःलाच आठवेनात. सासूनं मात्र सगळ्या लक्षात ठेवल्यात.

एक वेळ अशी येते की ती म्हणते, "मला जमायचं नाही आता. घरी न्या." अंग थरथरतं, कधी उलटी होते. सोबतीचं माणूस इथं हबकतं. पण पुष्कळदा ही खूण असते की पिशवीचं तोंड पूर्ण उघडत आलंय आणि आता फार वेळ नाही. सिस्टरना हाक मारायची आणि तिला तेवढंच सांगायचं, "आता जवळ आलंय." जोर मात्र सिस्टर सांगतील तेव्हाच. आधीच जोर लावला तर ती दमते आणि पिशवीच्या तोंडाला सूज येते. वरून पोट दाबणं हाही चुकीचा प्रकार आहे. सोबतीच्या माणसानं तर पोटावर हात टेकवायचाच नाही. आत असाल तर डोक्याकडच्या बाजूला उभं राहा, तिच्या तोंडाकडं बघा. आणि मालकहो, आत जायच्या आधी काहीतरी खाऊन घ्या, चक्कर येतेय असं वाटलं तर सरळ भिंतीला टेकून खाली बसा. सिस्टरना एकाच वेळी दोघांचं बघायला लावू नका.

मूल बाहेर आलं की बाहेरचे पहिला प्रश्न विचारतात, "काय झालं?" जवळच्या माणसाचा प्रश्न "ती कशी आहे?" हा असावा. वार पडायला अर्धा तास लागू शकतो आणि बाळंतिणीच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका पुढच्या काही तासांतच असतो, तो रक्तस्रावाचा. पेढे-बर्फी आणायला सगळेच पळाले तर तिच्याजवळ कुणी उरत नाही. कपडा किंवा पॅड तासाभरात चिंब झाला, ती पांढरी पडली, घाम सुटला, बोलेना, तर झोप लागली असेल म्हणून सोडायचं नाही, तिथल्या तिथं हाक मारायची. बाळाला कोरडं पुसून तिच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि तासाच्या आत पाजायचं. मध नाही, घुटी नाही, साखरपाणी नाही. पहिल्या दिवशी अंघोळ नाही. सिझर झाली आणि ती लगेच बाळाला घेऊ शकली नाही, तर बापानं शर्टाची बटणं सोडून बाळ छातीशी धरावं. कमी वजनाच्या बाळाला तर डॉक्टरच असं धरायला सांगतात, आणि बापाच्या छातीला आईच्या छातीइतकीच ऊब असते. सुवेर आहे, बापानं शिवू नये, असं घरात कुणी म्हणेल. हात कोपरापर्यंत साबणानं धुवा आणि घ्या लेकराला.

आता जे येऊच शकत नाहीत त्यांचं काय? फौजेत सुट्टी मिळत नाही, शेठ सोडत नाही, तिकीट मिळत नाही, आम्हाला ठाऊक आहे. फोन आहे. पण त्याचीही रीत हवी. आमच्या एका भाचीच्या मालकानं कोईमतूरहून रात्रभरात सासूला चाळीस फोन केले, "झालं का?" बिचारी सासू लेकीला सोडून दर वेळी जिन्यात येऊन फोन घ्यायची. त्यापेक्षा ठरवून घ्या की घरातलं एक माणूस तासातासाला निरोप देईल, आणि कळांच्या मधल्या वेळात दोन मिनिटं फोन तिच्या कानाला लावील. तिच्या कानाला, स्पीकरवर नाही. त्या खोलीतला व्हिडिओ मात्र नको. तिथं दुसऱ्याही बायका असतात. पैशाचं आधीच पाठवून ठेवा, रात्री दोनला कुणापुढं हात पसरायची वेळ येऊ देऊ नका. आणि आठवडाभराचीच रजा मिळणार असेल, तर बारशासाठी राखून ठेवू नका. बारशाला गाव असतं. कळांच्या रात्री आणि नंतरच्या आठ-दहा रात्री, जेव्हा टाके दुखतात, दूध नीट उतरत नाही, बाळ रात्रभर जागवतं, तेव्हा एक हात कमी पडतो. तिला ताटात वाढून देणारा, बाळाची दुपटी धुणारा, बाजेखाली धुराची शेगडी ठेवू न देणारा. पंधरा दिवसांनंतरही तिला सारखं रडू येत असेल, बाळाकडं बघवत नसेल, तर 'माहेरी लाडावली' म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा.

तारीख काढायची रीत सोपी आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. बरोबर त्या दिवशी फार थोडी मुलं जन्मतात. तीन आठवडे आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत कधीही. म्हणून येणाऱ्यानं त्या तारखेच्या दोन आठवडे आधी पोचेल असं तिकीट काढावं. ही तारीख आशाताईंनी तुमच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेली असते. आज जेवणं झाली की कार्डाच्या त्या पानाचा फोटो काढा आणि मालकांना पाठवून द्या. खाली एवढंच लिहा, तिकीट काढलं का?